लॅब्राडॉरमधील आनुवंशिक अंधत्व (पीआरए): लक्षणे, जनुकीय तपासणी आणि पैदाशीचे निर्णय

काटोल, नरखेड, वरुड या संत्रा पट्ट्यात राखणीला कुत्रा नाही अशी बाग क्वचितच दिसते. पूर्वी हे काम गावठी कुत्रीच करीत आणि आजही तीच जास्त करतात. मात्र अलीकडे मळ्यावरच्या घरांत लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर या जातीही आल्या आहेत. काही तरुण शेतकरी एखाददुसरी मादी ठेवून पिल्ले विकण्याचा जोडधंदा करतात. त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो: ‘चार-पाच वर्षांचा लॅब्राडॉर आहे, खातोपितो चांगला, पण संध्याकाळनंतर गोठ्याच्या पायरीला अडखळतो. डोळे तर स्वच्छ दिसतात. हे काय असावे?’

कारणे अनेक असू शकतात. त्यातले एक कारण जन्मापासून रक्तात असते आणि त्याला औषध नाही, मात्र पुढच्या पिढीत ते पूर्णपणे टाळता येते. त्याविषयी हा लेख आहे.

पीआरए म्हणजे काय

डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, तर शंकुपेशी भर उजेडात आणि रंग ओळखण्यासाठी. ‘प्रोग्रेसिव्ह रेटिनल अ‍ॅट्रॉफी’, म्हणजेच पीआरए, या विकारात या पेशी हळूहळू मरत जातात. हा एकच रोग नाही. वेगवेगळ्या जातींत वेगवेगळ्या जनुकांच्या दोषामुळे होणाऱ्या अनेक रोगांचे ते सामायिक नाव आहे.

लॅब्राडॉरमध्ये आढळणाऱ्या मुख्य प्रकाराला ‘पीआरसीडी’ म्हणतात. यात आधी दंडपेशी जातात आणि मग शंकुपेशी. म्हणून पहिले लक्षण रातांधळेपणाचे असते. लॅब्राडॉरमध्ये ते साधारण चौथ्या ते सहाव्या वर्षी मालकाच्या लक्षात येते. पुढे दिवसाची नजरही कमी होत जाते आणि शेवटी दोन्ही डोळे जातात.

या दोषाचे नेमके ठिकाण २००६ मध्ये कळले. बार्बरा झँगर्ल, गुस्ताव्हो अ‍ॅग्वीर आणि ग्रेगरी अ‍ॅकलंड यांच्या अमेरिकेतील गटाने कुत्र्याच्या ९ व्या गुणसूत्रावरील एका छोट्या जनुकात एकाच अक्षराचा बदल शोधला. या जनुकापासून बनणारे प्रथिन अवघ्या ५४ अमिनो आम्लांचे आहे आणि बदल त्यातल्या दुसऱ्याच अमिनो आम्लात आहे: सिस्टीनच्या जागी टायरोसीन येते. हाच बदल लॅब्राडॉर, कॉकर स्पॅनिएल, छोटा पूडल, ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग अशा अनेक जातींत सापडला. त्याच अभ्यासात, आनुवंशिक रातांधळेपणाच्या एका मानवी रुग्णातही नेमका हाच बदल दिसला होता.

त्याआधी १९९३ मध्ये आयरिश सेटर जातीतील पीआरएचे जनुक सापडले होते. ते निराळे जनुक आहे आणि तो रोगही लवकर, पिल्लू वयातच सुरू होतो. कोणत्या जातीत कोणती चाचणी करायची हा मुद्दा पुढे येणार आहे, तिथे हा फरक उपयोगी पडेल.

लक्षणे कशी ओळखावीत

कुत्रा वास आणि आवाजावर इतका विसंबून असतो की ओळखीच्या अंगणात त्याची नजर बरीच कमी झाली तरी घरच्यांना कळत नाही. बहुतेक वेळा सामान हलवल्यावर, बागेत नवीन क्रेट रचल्यावर किंवा कुत्र्याला पाहुण्यांच्या घरी नेल्यावरच ते उघड होते.

घरी पाहण्यासारख्या काही खुणा आहेत. संध्याकाळी कुत्रा घराबाहेर जायला कचरतो. जिना चढतो, पण उतरताना थांबतो. फेकलेला चेंडू दिवसा पकडतो, तिन्हीसांजेला त्याला सापडत नाही. बॅटरीच्या उजेडात डोळे नेहमीपेक्षा जास्त चमकतात, कारण पडदा पातळ झाल्याने मागचा चकाकणारा थर अधिक उघडा पडतो. बाहुल्या मोठ्या राहतात आणि उजेडात मंदपणे आकसतात. पुढच्या टप्प्यात अनेकदा मोतीबिंदूही होतो. मालक त्यालाच मूळ रोग समजून ऑपरेशनसाठी धावतो. पडदाच गेला असेल तर मोतीबिंदू काढून नजर येत नाही.

यात दुखणे नसते, लाली नसते, पाणी गळत नाही, आणि दोन्ही डोळ्यांत सारखेच घडते. हे लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण आपल्या भागात नजर जाण्याची जास्त नेहमीची कारणे वेगळी आहेत. गोचीड तापात, म्हणजे एर्लिकिओसिसमध्ये, डोळ्याच्या आत सूज येते, रक्त साकळते, कधी पडदाही सुटतो. त्यात डोळा लाल, धुरकट किंवा निळसर दिसतो. हा रोग वेळीच ओळखला तर औषधाने बरा होतो. बुबुळावरची जखम, काचबिंदू आणि मधुमेहाचा मोतीबिंदू ही आणखी काही कारणे. नजर एक-दोन दिवसांत अचानक गेली असेल किंवा डोळा लाल असेल तर जनुकीय तपासणीचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. ‘जातीतच असेल’ म्हणून गोचीड ताप अंगावर काढणे ही फार महाग पडणारी चूक आहे.

पक्के निदान पशुवैद्यक बाहुली मोठी करून, नेत्रदर्शक यंत्राने पडदा पाहून करतात. गरज पडल्यास ‘ईआरजी’ ही पडद्याची विद्युत तपासणी करतात. ती सुविधा सगळीकडे नसते. आपल्या भागातून अशा केससाठी सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय हे जवळचे ठिकाण आहे.

वाहक: जो आंधळा होत नाही, पण दोष पुढे देतो

पीआरसीडीचा दोष अप्रभावी आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती सदोष असतील तरच कुत्रा आंधळा होतो. एकच प्रत सदोष असेल तर नजर आयुष्यभर ठणठणीत राहते, पण तो दोष सरासरी निम्म्या पिल्लांना जातो. अशा जनावराला वाहक म्हणतात. वाहकाचे डोळे कितीही बारकाईने तपासले तरी काही सापडत नाही. ते फक्त डीएनए तपासणीतच कळते.

हिशेब करून पाहू. वाहक नर आणि वाहक मादी यांच्या वेतात सरासरी चारातले एक पिल्लू पुढे आंधळे होणार, दोन वाहक आणि एक निर्दोष. हे सरासरीचे आकडे आहेत. प्रत्यक्षात ८ पिल्लांच्या वेतात एकही बाधित पिल्लू नसण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते, आणि ४ पिल्लांच्या वेतात तर ३२ टक्के. म्हणजे ‘माझ्या जोडीची सगळी पिल्ले चांगली निघाली’ एवढ्यावरून जोडी निर्दोष ठरत नाही. शिवाय अशा वेतातली जी पिल्ले आंधळी होत नाहीत, त्यांतली सरासरी दोन-तृतीयांश वाहक असतात.

आता दुसरी बाजू. एक देखणा वाहक नर दहा निर्दोष माद्यांना लावला आणि प्रत्येकी ७ पिल्ले झाली, तर ७० पैकी सुमारे ३५ वाहक होतील, आंधळे एकही नाही. कोणाचीही तक्रार येणार नाही, नराचे नाव होईल, मागणी वाढेल. दोन पिढ्यांनी त्याचीच नातवंडे एकमेकांना लागली की आंधळी पिल्ले दिसू लागतात, आणि तोपर्यंत तो नर कधीच मेलेला असतो. दोष उशिरा दिसतो हीच पीआरएची खरी अडचण आहे. मादी दोन वर्षांची असताना व्याली, पाचव्या वर्षी अडखळू लागली, तोवर तिची तीन वेते चार जिल्ह्यांत विकली गेली.

संत्रा उत्पादकाला हे नवीन वाटू नये. डोळकाडी कोणत्या झाडाची घेतली हे कलम विकत घेताना दिसत नाही. कलम हिरवेगार असते आणि मातृवृक्षात ग्रीनिंग किंवा ट्रिस्टेझा असेल तर ते कळायला काही वर्षे जातात. तोपर्यंत पाणी, खत, मजुरी सगळे घालून झालेले असते. म्हणूनच नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत मातृवृक्षांची पीसीआर तपासणी करून रोगमुक्त कलमे तयार केली जातात. तो संसर्ग आहे आणि पीआरए आनुवंशिक, एवढा फरक सोडला तर शहाणपण एकच: डोळा बांधण्याआधी झाड तपासा. एक फरक मात्र विसरू नये. नागपुरी संत्र्याच्या बीत बहुभ्रूणता असल्याने बरीच रोपे आईसारखीच निघतात. कुत्र्यात प्रत्येक पिल्लू म्हणजे पत्ते नव्याने पिसलेले असतात. एकाच वेतातली दोन भावंडे तपासणीत अगदी वेगळी निघू शकतात, त्यामुळे एका पिल्लाचा अहवाल दुसऱ्याला लागू होत नाही.

दुभत्या जनावरांत हे आधीच घडले आहे

अप्रभावी दोष चांगल्या नराच्या लोकप्रियतेमुळे कसा पसरतो याचे मोठे उदाहरण होल्स्टीन फ्रिजियन गाईंचे आहे. १९५२ मध्ये जन्मलेल्या ऑस्बर्नडेल आयव्हॅनहो या अमेरिकन वळूचा वंश दुधासाठी नावाजला आणि कृत्रिम रेतनामुळे जगभर गेला. त्याच वंशातून ‘ब्लॅड’ हा दोषही गेला. यात पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोहोचू शकत नाहीत आणि वासरे लहानपणीच वारंवार आजारी पडून मरतात. १९९२ मध्ये जनुकातला दोष सापडला, तेव्हा अमेरिकेत तपासलेल्या होल्स्टीन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले. चाचणी आल्यावर वाहक वळू रेतन केंद्रांतून बाजूला काढले गेले आणि आजार झपाट्याने कमी झाला.

आपल्याकडेही गोठीत रेतमात्रा बनवणाऱ्या केंद्रांतील होल्स्टीन व त्यांच्या संकरित वळूंची अशा आनुवंशिक दोषांसाठी तपासणी होते. शेतकऱ्याला ती दिसत नाही, पण रेतमात्रेच्या कांडीमागे ती असते. कुत्र्यांच्या पैदाशीत अशी कोणतीही यंत्रणा मध्ये नाही. नर कोणाचा तरी, मादी कोणाची तरी, व्यवहार फोनवर. तपासणीची जबाबदारी पूर्णपणे मालकावर येते.

नमुना कसा घ्यावा

तपासणी आयुष्यात एकदाच लागते, कारण डीएनए वयानुसार बदलत नाही. पिल्लाची करा किंवा आठ वर्षांच्या कुत्र्याची, उत्तर तेच येते. नमुना दोन प्रकारे देता येतो.

गालाच्या आतील बाजूचा स्वॅब घरीही घेता येतो. आधी तासभर काही खायला देऊ नये. दूध पिणारी पिल्ले असतील तर दोन तास आईपासून वेगळी ठेवावीत, नाहीतर दुधातून आलेल्या आईच्या पेशी स्वॅबवर लागतात आणि अहवाल चुकू शकतो. स्वॅबचे टोक गाल आणि हिरडीच्या मध्ये १० ते १५ सेकंद फिरवावे, टोकाला बोट लावू नये, हवेत वाळू द्यावे आणि कागदी पाकिटात ठेवावे. ओला स्वॅब प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला तर बुरशी येते. पावसाळ्यात हे फार होते. एका वेळी एकच पिल्लू घ्या, पाकिटावर लगेच नाव व खूण लिहा, मग दुसरे घ्या. वेतातल्या नमुन्यांची अदलाबदल प्रयोगशाळेला कळण्याची शक्यता फार कमी असते.

दुसरा प्रकार रक्ताचा. पशुवैद्यक १ ते २ मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए असलेल्या नळीत घेतात. विकण्याच्या किंवा पैदाशीच्या जनावरासाठी मी रक्ताचा नमुना आणि मायक्रोचिपचा क्रमांक अर्जावर नोंदवून घेणे पसंत करतो. स्वॅब घरी घेतला की नमुना नेमका त्याच कुत्र्याचा होता याला मालकाच्या शब्दाशिवाय पुरावा नसतो.

आता कुत्र्यांच्या डीएनए चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा भारतातही आहेत. नमुना पाठवण्यापूर्वी नेमकी कोणती चाचणी होणार ते लेखी विचारा. नुसते ‘पीआरए टेस्ट’ पुरेसे नाही, ‘पीआरसीडी-पीआरए’ असा उल्लेख हवा.

अहवाल कसा वाचावा

अहवालात तीनपैकी एक निकाल येतो. ‘क्लिअर’ किंवा ‘नॉर्मल’ म्हणजे दोन्ही प्रती निर्दोष. ‘कॅरिअर’ म्हणजे एक सदोष, कुत्रा स्वतः या रोगाने आंधळा होणार नाही. ‘अफेक्टेड’ म्हणजे दोन्ही सदोष. ‘अफेक्टेड’ वाचून अनेक जण घाबरतात, कारण समोर एक वर्षाचे उड्या मारणारे जनावर असते. त्याचा अर्थ आज आंधळा आहे असा नाही, पुढे होण्याची दाट शक्यता आहे असा आहे. कोणत्या वर्षी, हे अहवाल सांगू शकत नाही.

‘क्लिअर’चा अर्थही तेवढाच मर्यादित घ्यावा. तो एकाच दोषाबद्दल बोलतो. लॅब्राडॉरमध्ये दृष्टिपटलाचा आणखी एक आनुवंशिक विकार आहे, त्याचे जनुक स्वीडनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची चाचणी वेगळी. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये पीआरसीडीशिवाय पीआरएचे आणखी दोन प्रकार आहेत, म्हणून गोल्डनची फक्त पीआरसीडी चाचणी करून ‘डोळ्यांची गॅरंटी’ देणे चूक आहे. लॅब्राडॉरला सतावणाऱ्या मागच्या पायांच्या खुब्याच्या दोषावर एकही सरळ जनुकीय चाचणी नाही, तिथे एक्स-रेच लागतो.

कारवानी, पश्मी, मुधोळ या आपल्या शिकारी कुत्र्यांचे मालकही हीच चाचणी करू का असे विचारतात. या चाचण्या ज्या जातींत दोष शोधला गेला त्यांच्यासाठी तयार झाल्या आहेत. आपल्या हाउंडमध्ये नजरेची तक्रार असेल तर पीआरसीडीचा ‘क्लिअर’ अहवाल फारसे काही सांगत नाही. तिथे नेत्रतपासणीवर खर्च करणे जास्त उपयोगाचे.

पैदाशीत काय करावे

नियम एका वाक्यात मावतो: जोडीतला निदान एक तरी ‘क्लिअर’ हवा. तेवढे पाळले तर एकही पिल्लू पीआरसीडीने आंधळे होत नाही, मग दुसरा जोडीदार काहीही असो. दोघेही ‘क्लिअर’ असतील तर पिल्लांची तपासणीही लागत नाही, अर्थात बाप तोच असेल तर. मळ्यावर मोकळी सोडलेली मादी माजावर असताना एकाच वेतात दोन नरांची पिल्ले होऊ शकतात, हे धरून चला.

‘क्लिअर’ आणि ‘कॅरिअर’ ही जोडी लावायला हरकत नाही. निम्मी पिल्ले वाहक होतील. त्यांतले जे पिल्लू पैदाशीसाठी ठेवायचे ते तपासावे, बाकीची घरात पाळायला द्यावीत आणि घेणाऱ्याला सांगावे. ‘अफेक्टेड’ जनावर ‘क्लिअर’ला लावले तर सगळी पिल्ले वाहक होतात, आंधळे कोणी नाही. कागदावर हे चालते, पण लहान प्रमाणावर पैदास करणाऱ्याने ते टाळावे असे माझे मत आहे. एका झटक्यात सात-आठ वाहक बाजारात सोडण्याइतके गुण क्वचितच एखाद्या कुत्र्यात असतात. ‘कॅरिअर’ला ‘कॅरिअर’ कधीच लावू नये.

याच्या उलट चूकही होते. अहवाल आला की सगळे वाहक पैदाशीतून काढून टाकायचे आणि उरलेल्या एका ‘क्लिअर’ नरावर सगळ्या माद्या लावायच्या. त्याने पीआरसीडी जाते, पण सगळी पिल्ले एकमेकांची सावत्र भावंडे होतात आणि ज्याची चाचणीच नाही असा दुसरा एखादा दोष वर येतो. स्वभावाने शांत, अंगाने बळकट अशी वाहक मादी ‘क्लिअर’ नराला लावून एका पिढीत तिची ‘क्लिअर’ मुलगी मिळवता येते. घाई नको.

पिल्लू घेताना आणि विकताना

घेताना आई-बाप दोघांच्या चाचणीचे अहवाल मागा आणि अहवालावरचा मायक्रोचिप क्रमांक कुत्र्याच्या चिपशी जुळतो का ते पाहा. केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, डोळे सांगत नाहीत. पिल्ले पाहून नजर ओळखण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. दोन महिन्यांचे बाधित पिल्लूही चेंडूमागे तसेच धावते.

विकणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे श्वान पैदास व विक्री नियम आहेत. त्यांनुसार राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि १८ महिन्यांखालील मादी पैदाशीला वापरता येत नाही. जनुकीय चाचणीचा खर्च एका लॅब्राडॉर पिल्लाच्या किमतीच्या मानाने थोडा असतो. नर-मादी दोघांची एकदाच करून ठेवली की पुढच्या प्रत्येक वेताला ती उपयोगी पडते.

उपचार आणि आंधळ्या कुत्र्याची देखभाल

पीआरसीडीवर आज सिद्ध उपचार नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, कोणाचा तरी काढा यांवर पैसे घालवू नका. ब्रियार्ड या जातीतील निराळ्या जनुकाच्या अंधत्वावर जनुकीय उपचाराने कुत्र्यांना दिसू लागल्याचे २००१ मध्ये अमेरिकेत दाखवले गेले, आणि त्याच वाटेने माणसांसाठीच्या औषधाला तिथे डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पण ते त्या एका जनुकापुरते आहे, लॅब्राडॉरच्या पीआरसीडीला लागू नाही.

नजर हळूहळू जाते म्हणून कुत्रा चांगला जुळवून घेतो आणि घरात वर्षानुवर्षे आनंदाने जगतो. मळ्यावर मात्र धोके वेगळे आहेत. बिनकठड्याची विहीर आणि शेततळे हा सर्वांत मोठा. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावरून डोळस कुत्र्यालाही वर येता येत नाही. तारेचे कुंपण, रानडुकरांसाठी लावलेले झटका मशीन आणि बागेत वळणारा ट्रॅक्टर हे बाकीचे. अहवाल ‘अफेक्टेड’ आला असेल तर नजर शाबूत असतानाच तयारी सुरू करा. ‘थांब’, ‘पायरी’, ‘इकडे’ असे ठरावीक शब्द शिकवा, घरातले सगळे तेच शब्द वापरतील असे पाहा. खाण्याचे भांडे, पाणी आणि झोपण्याची जागा बदलू नका. दुसऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधला तर आंधळा त्याच्या आवाजामागे चालतो. झोपेत असताना अचानक हात लावू नका, आधी हाक मारा, नाहीतर दचकून चावतो. संध्याकाळनंतर साखळी किंवा बंद अंगण. आणि बागेच्या राखणीवरून त्याला काढून घराच्या ओसरीवर ठेवा. अनोळखी पावलाचा आवाज तो तिथूनही ओळखतो आणि भुंकतो.